किल्लेदार परत आला तेव्हा

ठाण्याचं घर सोडलं त्या दुपारी बाबा खाली टॅक्सीपर्यंत आले नाहीत. दारातच उभे राहिले. चौकटीवर मेझुझा ठोकलेली होती, म्हणजे आपल्या धर्मग्रंथातल्या ओळी आत ठेवलेली बोटभर डबी. बाबांनी तिला बोटं लावली, ती ओठांना लावली, मग माझ्या कपाळाला टेकवली आणि म्हणाले, "एस्तेर, तिथे कुणी विचारलं की तुम्ही कोण, तर एकदम सगळं सांगत बसू नकोस. आधी तो का विचारतोय ते बघ."

सॅमी, माझा नवरा, खाली बॅगा चढवत होता. माझ्या कडेवर नाओमी झोपेला आली होती. आई आदल्याच वर्षी गेलेली, त्यामुळे आता त्या घरात बाबा एकटेच उरणार होते, आणि तरी निरोपाचं म्हणून त्यांच्या तोंडून एवढंच निघालं. मला रागच आला. परदेशी निघालेल्या मुलीला कुणी आशीर्वाद देतं, कुणी लोणच्याची बरणी देतं. माझ्या बापाने मला संशय दिला.

हे मी तुमच्यासाठी लिहितेय. जे ठाण्यात, पनवेलला, अलिबागला राहिलात त्यांच्यासाठी, आणि जे अश्दोदला नाहीतर बीरशेबाला गेलात त्यांच्यासाठीही. आपण बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. शनिवारी कामाला हात न लावणारे, आडनावाच्या शेवटी 'कर' असणारे, आणि देवाशीसुद्धा अर्धं मराठीत बोलणारे. आपल्यातला जो तो इस्रायलला जातो. रूबेनमामा तिथून फोनवर म्हणाला होता, "सगळे इकडे येतायत आणि तुम्ही मधेच कुठे उतरताय?" आम्ही लंडनच्या कडेला, हाउन्सलोला उतरलो, कारण सॅमीला तिथे एअरपोर्टच्या कार्गोमध्ये नोकरी मिळाली होती. यापेक्षा मोठं कारण तेव्हाही नव्हतं.

हाउन्सलोत घराच्या कौलांवरून विमानं जातात. पहिले काही महिने विमान आलं की मी बोलता बोलता थांबायची. पुढे सवय झाली. आमची मेझुझा मी दाराच्या बाहेरच्या चौकटीला ठोकलीच नाही. आतल्या बाजूला, कोट अडकवायच्या खुंट्यांमागे लावली. सॅमी म्हणाला, "अगं, ती बाहेर असते." मी म्हटलं, "आपण कोण आहोत ते रस्त्याला कशाला सांगायचं?" बाबांची शिकवण अशी लगेच कामाला आली.

आणि खरंच, तिथे प्रत्येकाला आम्ही कोण ते हवं होतं. सुपरमार्केटात मी टिलवर, म्हणजे पैसे घ्यायच्या काउंटरवर, बसायची. पंजाबी बायका विचारायच्या, "इंडियन ना? मग मंदिरात कधी दिसत नाहीस?" हॅरोला मराठी मंडळाच्या दिवाळीला गेलो तर एका काकूंनी माहेरचं आडनाव विचारलं. झिराडकर म्हटल्यावर खूश झाल्या. "म्हणजे अलिबागकडचे! सीकेपी का?" मी नाही म्हटलं. "मग?" मी सांगितलं. त्या माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अय्या, पण तशा दिसत नाही हो तुम्ही!" मग चकली पुढे केली. बाई चांगल्या होत्या. पण घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये मी एकच विचार करत होते. तशा म्हणजे कशा?

सिनेगॉगमध्ये उलटं. तिथे आम्ही नको तितके इंडियन दिसत होतो. आमच्या भागातल्या सिनेगॉगच्या फाटकावर एक उंच माणूस उभा असायचा. त्याने पहिल्या दिवशी आम्हाला बाजूला घेतलं आणि अगदी नम्रपणे चौकशी केली. कुठून आलात, तिकडे प्रार्थना कुठे करायचात, पेसाखच्या सणाला काय केलंत. गोऱ्या माणसांना तो नुसतं 'शबात शालोम' म्हणून आत सोडत होता. सॅमी शांतपणे उत्तरं देत होता आणि माझी कानशिलं तापली होती. आज सांगायला हरकत नाही, महिन्यातून एका शनिवारी त्या फाटकावर मी असते. रोटाच असतो आमचा, पहाऱ्याच्या पाळ्यांचा. पिवळं जॅकेट घालते आणि अनोळखी माणसाला तेच प्रश्न विचारते, त्याच आवाजात. कधीकधी एखाद्याची कानशिलं तापलेली दिसतात. तरीही विचारतेच.

आत गेल्यावर कॉफीच्या टेबलाशी एका बाईने विचारलं होतं, "तुमच्या कुटुंबाने धर्म कधी बदलला?" बदलला नाही, आम्ही कोकणात आलो तेव्हाही हेच होतो, असं सांगितल्यावर ती हसून म्हणाली, "हाउ लव्हली!" आणि निघून गेली. इंग्लंडमध्ये हे दोन शब्द ऐकले की मी सावध होते.

त्या सगळ्यांत एक मिस्टर फेल्डमन वेगळे निघाले. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले, कोटाला कायम खडूचा पांढरा डाग असावा असे दिसणारे. त्यांनी आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो असा: "कोकणात पाऊस किती पडतो?" मला तेव्हा त्यांचाही संशय आला. पावसाआडून यांना काय काढून घ्यायचंय?

दोन वर्षांनी, २००४च्या उन्हाळ्यात, बाबा आमच्याकडे आले. ठाण्यात एकट्याचं जेवणखाण जमेना, तब्येत उतरली होती. बॅगेत कपडे थोडेच होते. पेटी मात्र त्यांनी विमानातून आणली, आणि चिपळ्या आणि झांजा फडक्यात गुंडाळून हातात. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आपल्याकडे कीर्तन होतं. मोशेचं, योसेफाचं, एस्तेर राणीचं आख्यान, मराठीत, साक्या-ओव्यांसकट, पेटी-तबल्यावर. माझे आजोबा करायचे, नंतर बाबा करू लागले. पोस्टातून घरी यायचे, पगडी चढवायचे आणि माझा साधा बाप बघता बघता फारोशी भांडायला लागायचा. पण ऐकणारी माणसं एकेक करून इस्रायलला गेली. शेवटचं कीर्तन झालं तेव्हा समोर, बाबांच्याच शब्दांत, माणसांपेक्षा सतरंजी जास्त होती.

त्या वर्षी योम किप्पूरच्या संध्याकाळी, आपल्या उपासाच्या सुरुवातीला, बाबा आमच्याबरोबर सिनेगॉगला आले. तिथल्या लोकांची प्रार्थना आपल्यासारखीच, पण चाली वेगळ्या आणि काही गीतं आपल्याकडे मुळीच नाहीत. त्यातलं एक गीत सुरू झालं आणि बाबा ताठ बसले. शब्द हिब्रू होते, ते त्यांना कळत होते. क्षमेची याचना होती, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तोच एक शब्द घुमून परत येत होता. बाहेर पडल्याबरोबर त्यांनी मिस्टर फेल्डमनना गाठलं. बाबांचं इंग्रजी पोस्टातलं, नेमकं. "हे कुणी रचलं?"

"एका रब्बीने," फेल्डमन म्हणाले. "इथेच. या देशात मारला गेला तो."

पुढचे कित्येक रविवार फेल्डमन आमच्या घरी चहाला येत राहिले. इंग्लिश लोकांसारखा वरून दूध घातलेला चहा पीत आणि बाबांनी विचारलं तेवढंच सांगत. मी भजी तळता तळता ऐकायची. बाराव्या शतकातली गोष्ट. हा रब्बी, म्हणजे धर्मगुरू, मुळात इथला नव्हताच. फ्रान्सच्या एका गावचा. तिथल्या एका फार मोठ्या पंडिताकडे शिकला, नाव मिळवलं, आणि मग समुद्र ओलांडून उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कला आला. तिथे ज्यूंची छोटी वस्ती होती. त्यांना शिकवणं, त्यांचे तंटे सोडवणं आणि देवासाठी गीतं लिहिणं, हे त्याचं आयुष्य. घरी फ्रेंच बोलायचे, प्रार्थना हिब्रूत, आणि बाजारात जी काय इंग्रजी असेल ती.

"म्हणजे आपल्यासारखाच," बाबा म्हणाले. "तीन भाषांचा माणूस."

मग राजा बदलला, आणि नव्या राजाच्या राज्याभिषेकाच्या दिवशी लंडनमध्ये ज्यूंवर हल्ले झाले. तो वणवा गावोगाव पसरत पुढच्या वसंतात यॉर्कला पोचला. पेसाखच्या थोडं आधी. घरं जाळली गेली, तेव्हा वस्तीतली माणसं बायकामुलांसह राजाच्या किल्ल्यात शिरली. टेकाडावरचा लाकडी बुरूज होता तो. किल्लेदारानेच त्यांना आत घेतलं होतं.

"मग एक दिवस किल्लेदार काही कामासाठी बाहेर गेला," फेल्डमन म्हणाले. "परत आला, तेव्हा आतल्यांनी दार उघडलं नाही."

"का?" मी स्वयंपाकघरातून विचारलं.

"त्यांना वाटलं, तो बाहेर जाऊन त्यांना विकून आलाय."

"आणि विकलं होतं?"

फेल्डमननी खांदे उडवले. "कुणालाच माहीत नाही. पण दार उघडलं नाही म्हणून तो चिडला आणि वरच्या अधिकाऱ्याकडे गेला. राजाच्या किल्ल्यात राजाच्याच माणसाला मज्जाव, हे बंड ठरलं. मग सैन्यही गर्दीला मिळालं."

पुढचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. सुटका नाही हे कळलं तेव्हा रब्बी उभा राहिला आणि म्हणाला की यांच्या हातून मरण्यापेक्षा, यांच्या हातून धर्म बदलून घेण्यापेक्षा, आपण आपल्या हातांनी देवाकडे जाऊ. बऱ्याच जणांनी ऐकलं. बुरुजाला आग लागली. ज्यांनी ऐकलं नाही ते सकाळी बाहेर आले, कारण धर्म बदला, अभय देतो, असं खालून सांगितलं होतं. बाहेर येताच त्यांनाही मारलं.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "याचं आख्यान करणार मी."

मार्चमध्ये आम्ही यॉर्कला गेलो. बाबा, मी आणि नाओमी. फेल्डमन आले नाहीत. त्यांच्या घरी जुन्या माणसांनी सांगून ठेवलं होतं की त्या गावात ज्यूने रात्र काढू नये. हे ते स्वतःच हसत सांगत होते, पण आले नाहीत. लाकडी बुरूज अर्थातच उरलेला नाही. त्या जागी नंतर बांधलेला दगडी बुरूज आहे आणि टेकाडाच्या उतारावर पिवळी डॅफोडिल्स. शाळेची पोरं पायऱ्यांवर सँडविच खात होती. बाबा दम खात वर चढले आणि गोल फिरून बघत राहिले.

"दार कुठे असेल?" ते म्हणाले.

"बाबा, तो बुरूज जळला ना. हा दुसरा."

"दार कुठे तरी असणारच की."

मग ते एका भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्यांना रब्बीच्या शेवटच्या भाषणाची चिंता नव्हती. ते त्यांना जमलं असतं. त्यांची गाडी अडली होती किल्लेदारापाशी. तो दुष्ट असेल तर गोष्ट सोपी. तो सरळ असेल तर आतल्या माणसांनी आपल्या भीतीने आपलाच घात केला. "मी कीर्तनकार आहे," बाबा म्हणाले. "लोकांना सांगायला हवं ना मला, हा चांगला का वाईट."

"ज्याला आधी घर जळताना बघावं लागलंय," मी म्हटलं, "तो दार उघडेल का हो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही उघडणार," ते म्हणाले. "तू तर मुळीच नाही." ते कौतुक होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग तो जुलै आला. लंडनच्या ट्रेनमध्ये आणि बसमध्ये बॉम्ब फुटले, आणि त्यानंतरच्या दिवसांत आमच्या रंगाच्या माणसाने पाठीवर सॅक घेऊन बसमध्ये चढणं अवघड झालं. शेजारची सीट रिकामी राहायची. मीही दाढीवाला तरुण दिसला की पुढच्या स्टॉपला उतरायची, आणि उतरल्यावर बघायची, तर आणखी दोघं माझ्याकडे बघून उतरलेली असायची.

आमच्या शेजारी शाहीनआपा राहायच्या. मीरपूरच्या, म्हणजे पाकिस्तानकडच्या. त्यांचा मुलगा वसीम विशीतला, गप्प. तोवर आमची ओळख कचऱ्याची बिन कुठल्या दिवशी बाहेर ठेवायची एवढीच. त्या जुलैत मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वसीम कधी जातो, कधी येतो, हातात काय असतं, ते बघायला लागले. एकदा नजर वर केली तर तो त्यांच्या खिडकीतून आमच्याकडे बघत होता. आमच्याकडे रविवारी माणसं येतात, कुठल्या तरी भाषेत मोठमोठ्याने काहीतरी म्हणतात, म्हातारा पेटी घेऊन ये-जा करतो. आम्ही त्याला काय वाटत असू?

एका दुपारी बाबा बसने फेल्डमनकडे निघाले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत चिपळ्या आणि झांजा. तेवढ्यात ठाण्याहून शामुवेलकाकांचा मोबाइलवर फोन आला. बाबांना ऐकू कमी, म्हणून ते ओरडून बोलत. तुम्हाला माहीतच आहे, आपण सिनेगॉगला मराठीत काय म्हणतो. मशीद. आपल्या आजोबा-पणजोबांपासून मशीदच. बाबा ओरडून विचारत होते, मशिदीत कोण कोण आलं होतं, मशिदीचं काम कुठवर आलं, आणि मांडीवरच्या पिशवीत धातूचं काहीतरी खणखणत होतं.

पुढच्या स्टॉपला बस थांबली ती सुटेचना. पोलीस चढले. त्यांनी बाबांना खाली उतरवलं, पिशवी लांब ठेवायला लावली, हात वर करायला लावले. ते वाईट वागले नाहीत, बाबांनी स्वतः तसं सांगितलं. 'सर' म्हणत होते. पण पिशवी उघडेपर्यंत बाबा भर रस्त्यात हात वर करून उभे होते, आणि समोरच्या बसच्या सगळ्या खिडक्यांतून लोक बघत होते. बाबा त्यांना सांगायचा प्रयत्न करत होते, "आय ॲम अ ज्यू." एका पोलिसाने म्हटलं, "ऑफ कोर्स, सर." अजिबात विश्वास न ठेवता.

मला सुपरमार्केटात फोन आला. मी पोचले तेव्हा बाबा बसस्टॉपच्या बाकावर बसले होते, पिशवी छातीशी. मला बघून म्हणाले, "कुणी सांगितलं असेल गं? माझ्या पुढे एक म्हातारी होती. मला जागा दिली तिने. तिने असेल?"

त्यानंतर बाबा बाहेर पडेनात. दाराला साखळी लावायचे, मग कडी, मग परत येऊन साखळी बघायचे. बेल वाजली की वरच्या खिडकीच्या पडद्याआडून कोण आहे ते बघायचे. फेल्डमन आले तरी एकदा उघडलं नाही. मला म्हणाले, "त्या दिवशी मी त्याच्याकडेच निघालो होतो, हे त्याला सोडून कुणाला माहीत होतं?" फेल्डमनचा संशय घ्यायचा म्हणजे पावसाचा घ्यायचा.

सप्टेंबरात सिनेगॉगच्या हॉलमध्ये बाबांचं कीर्तन ठरलं होतं. फेल्डमननीच पुढाकार घेतला होता. ऑगस्टच्या अखेरीस कमिटीच्या चेअरमनबाई घरी आल्या, केक घेऊन. मला तेव्हाच शंका आली. त्या म्हणाल्या की सगळे उत्सुक आहेत, पण सध्याचे दिवस असे, तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर आधी मिळालं तर बरं. कमिटीपैकी कुणीतरी नजर घालेल. आणि यॉर्कचा विषय नाजूक, वाद्यं असतील तर ते लोकांना कसं वाटेल... शेवटी म्हणाल्या, "आम्हाला फक्त खात्री हवी आहे."

बाबा म्हणाले, "खात्री," आणि उठून आत गेले. बाई गेल्यावर त्यांनी मला सांगितलं, "मोशेचं कीर्तन केलं तेव्हा कुणी तपासलं नव्हतं. हे आता राहू दे."

सॅमी रागावला नाही कधी, त्या दिवशी रागावला. बाबांवर नाही, सगळ्यांवर. "हॉल नको तर नको," तो म्हणाला. "आपल्या घरात करू." बाबा मानेनात. शेवटी त्याने पेटी उचलली आणि बैठकीच्या खोलीत मधोमध नेऊन ठेवली. पाय अडखळेल अशी. बाबा दोन दिवस तिला वळसा घालून जात होते. तिसऱ्या दिवशी तिच्यासमोर बसले.

त्या रविवारी दुपारी आमच्या छोट्या खोलीत माणसं मावत नव्हती. हॅरोहून आपली दोन कुटुंबं आली, मिल्टन कीन्सहून सॅमीचा चुलतभाऊ तबला गाडीत घालून आला. फेल्डमन कोपऱ्यात स्टुलावर. भाषांतर मी करणार होते, मधेमधे थांबून. दाराला साखळी होतीच. बेल वाजली की सॅमी आधी पडद्यातून बघायचा, मग काढायचा, मग पुन्हा लावायचा.

बाबांनी पगडी चढवली. फ्रान्सचं गाव आलं, समुद्र आला, तरुण रब्बी यॉर्कच्या थंडीत कुडकुडला आणि हॅरोच्या मावशा हसल्या. मग राज्याभिषेक झाला, आग आली, बुरूज आला. बाबांचा आवाज चढला. किल्लेदार बाहेर गेला. परत आला. दार ठोठावलं. आणि बाबा थांबले. तबला थांबला. त्यांनी ही ओवी तेव्हाच म्हटली, आधी एकदाही आमच्यापुढे म्हटली नव्हती:

अलीकडे भयाची वस्ती। पलीकडेही तीच धास्ती।
कोण वैरी, कोण सोबती। दारास काय ठाउके॥

"तो चांगला होता की वाईट," बाबा म्हणाले, "लोक मला विचारतील. मला माहीत नाही. मी एवढे महिने शोधलं. पुस्तकवाल्यांना माहीत नाही, या माझ्या मित्राला माहीत नाही." त्यांनी फेल्डमनकडे हात केला. "आत जे होते त्यांनाही माहीत नव्हतं. माहीत नसताना त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही. मीही महिनाभर तेच केलंय." मग पेटीवर हात ठेवून अगदी साध्या, घरगुती आवाजात म्हणाले, "सॅमी, ते दार उघड. उघडं राहू दे."

मी भाषांतर करायलाही विसरले. खरं सांगते, मला भीती वाटली. रस्त्यावरून कुणीही आत बघेल, काय चाललंय ते ऐकेल, खुंट्यांमागची मेझुझासुद्धा दिसेल. सॅमीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाच कळलं नाही. त्याने साखळी काढली आणि दार सताड उघडलं.

रब्बीचा शेवट बाबांनी त्या उघड्या दाराकडे तोंड करून सांगितला. ओरडून नाही, रडून नाही. आरोळ्या नव्हत्या, रक्त नव्हतं. आपल्या माणसांसमोर उभा राहिलेला एक कवी, ज्याच्याकडे आता शब्दांशिवाय काही उरलेलं नाही, आणि ज्याला तेही पुरणार नाहीत हे माहीत आहे. कीर्तन मरणावर संपवायचं नसतं. म्हणून बाबांनी ते आजच्या आपल्या सिनेगॉगपर्यंत आणून त्या गीतावर संपवलं: ज्यांनी मारलं त्यांची नावं कुणी गात नाही, आणि याचे शब्द दर वर्षी इतक्या गळ्यांतून निघतात.

डोळे पुसून मी मागे वळले तर शाहीनआपा फाटकाशी उभ्या होत्या, हात बांधून. मागे वसीम. किती वेळ उभे होते देव जाणे. मी दारापर्यंत गेले. त्या म्हणाल्या, "कोई गुज़र गया है क्या?" मी म्हटलं, हो, पण खूप वर्षांपूर्वी. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पगडीकडे, पेटीकडे पाहिलं, मान डोलावली आणि गेल्या. आत आल्या नाहीत. मीही बोलावलं नाही. पुढेही आमच्यात बिनच्या पलीकडे फारसं बोलणं झालं नाही. पण मी खिडकीतून वसीमला मोजायचं सोडलं. त्याने आम्हाला सोडलं का, ते मला सांगता येणार नाही.

सोमवारी बाबा एकटे बसने फेल्डमनकडे गेले. मला न विचारता. मेझुझा मात्र मी अजून आतच ठेवली आहे. सगळंच एका दुपारीत बदलत नाही.

पुढच्या वर्षी बाबा ठाण्याला परत गेले. इथली थंडी, आणि तिथली मशीद. फेल्डमन त्यांना एअरपोर्टवर सोडायला आले होते. दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून हवामानावर बोलत राहिले. २००८च्या सुरुवातीला बाबा गेले, झोपेत, आपल्या पलंगावर. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईत जे झालं, ज्यात आपल्या लोकांचंही एक घर होतं, ते त्यांना बघावं लागलं नाही. मी हाउन्सलोत टीव्हीसमोर बसून बघत होते, आणि इतकी वर्षं माझ्या मनात एक जागा होती जिथे दाराला साखळी लागत नाही, ती जागा डोळ्यांदेखत बंद होत होती.

वर्षश्राद्धासारखं आपलं जे असतं त्यासाठी मी ठाण्याला गेले तेव्हा मशिदीबाहेर वाळूची पोती होती आणि बंदूक घेतलेला हवालदार. नाओमी दहा वर्षांची. तिने मला विचारलं, "मम्मी, इथे पण आपला रोटा असतो?" तिचं मराठी असंच आहे, बाबांकडून शिकलेलं आणि इंग्लंडमध्ये वाढलेलं. मी तिला म्हटलं, नाही, इथे पगारी असतो.

तिथून आम्ही बाबांच्या बिल्डिंगला गेलो. घर बंदच होतं, चावी शामुवेलकाकांकडून घेतली होती. खाली नवा वॉचमन होता, साताऱ्याकडचा असावा बोलण्यावरून. त्याने आम्हाला अडवलं. कुणाकडे, काय काम, कुठून आलात. मी त्या बिल्डिंगमध्ये जन्मले, असं म्हणायला तोंड उघडलं. मग त्याच्याकडे पाहिलं. पोरगेलाच होता, नोकरी नवी, आणि नोव्हेंबरनंतर त्याला सगळ्यांनी बजावून ठेवलं असणार. त्याच्या जागी मी असते तर मीही विचारलंच असतं.

"झिराडकरांकडे," मी म्हटलं. "मुलगी त्यांची. हाउन्सलोहून आलो."

"ते कुठं आलं?" त्याने भुवया आवळल्या. "डोंबिवलीच्या पुढं का?"

नाओमीने माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं. "बरंच पुढे. तिथेच घर आहे आमचं."